डिसेंबरचा गाव आणि जुलैचा गाव

वाचकाचं पत्र (थोडी काटछाट करून):

ताई, मी यावल तालुक्यातला, केळीवाल्यांच्या घरचा. बारा वर्षं शारजात आहे. एका बांधकाम कंपनीत देखभालीचं काम बघतो. पगार बरा आहे. बायको इथल्या एका बालवाडीत शिकवते. मुलगी चौथीत आहे, तिला मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत देते. तक्रार करावी असं काही नाही, म्हणूनच हे कुणाला सांगता येत नाही. मागच्या महिन्यात सुपरमार्केटात केळ्यांसमोर उभा होतो. फिलिपिन्सचा स्टिकर लावलेली केळी. हातात घेतली आणि डोळ्यांत पाणीच आलं. बायको म्हणाली, चला, लोक बघताहेत. दर डिसेंबरला शाळेच्या सुट्टीत आम्ही पंधरा-वीस दिवस गावी येतो. भुसावळला उतरून तापीचा पूल ओलांडला की जीव भांड्यात पडतो. ते दिवस कसे जातात कळत नाही. परतताना मुंबईच्या गाडीत मी कुणाशी बोलत नाही. यंदा मनात पक्कं येतंय की झालं तेवढं पुरे, परत यावं, वडिलांबरोबर शेती बघावी. शेजारची तीन एकर विकायला निघाली आहे, तीही घ्यावी. बायको म्हणते, तुम्ही वर्षातून पंधरा दिवसांचा गाव बघता. वडील म्हणतात, इथं काय ठेवलंय, तिथंच बरा आहेस. आई काही म्हणत नाही. ताई, मी परत यावं का? की हा नुसता हळवेपणा आहे? आणि मला अहो-जाहो करू नका, तुमच्या धाकट्या भावासारखा आहे.

– शारजातला एक यावलकर

ताईंचं उत्तर:

भाऊ,

अहो-जाहो नको म्हणालास ते बरं झालं. पुढं दोन-चार ठिकाणी तुला बोलायचं आहे, आणि 'अहो' म्हणून बोललं की ते बोलणं निम्मं गळून जातं.

आधी केळी. तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा हसूच आलं. यावलचा गडी, लहानपण केळीच्या बागेत गेलेलं, आणि रडू कुठं आलं तर फिलिपिन्सच्या केळ्यांपुढं! तुला माहीत असेल-नसेल, २०२१ साली जळगाव जिल्ह्यातल्या तांदलवाडीची केळी दुबईला गेली होती, चांगली २२ टन, भौगोलिक मानांकनाची. तेव्हा एखाद्या दिवशी त्याच फळीवर तुला आपल्या जिल्ह्याचं केळं दिसेलही. दोन डझन घेशील, गावी फोन करशील, फोटो पाठवशील. आणि आठ दिवसांत त्याचं काही वाटेनासं होईल. कारण खरं सांग, तुमच्या घरात केळं कोण खातं? केळीवाल्याच्या ओसरीवर फण्या पडून पडून काळ्या होतात, पोरं आंब्यामागं धावतात, आणि आलेल्या पाहुण्याच्या पिशवीत जाता जाता एक फणी कोंबली जाते.

तुला आठवत होतं ते केळ्याभोवतीचं सगळं. कुणाच्या बागेत काप चालू आहे, बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला, नवतीला (नव्या लागवडीला) किती आणि पिलबागेला (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेल्या बागेला) किती, व्यापाऱ्यानं वजनात कुणाला कसं बनवलं. एक केळं बघून हे सगळं आठवणारा त्या दुकानात तू एकटाच होतास. आणि 'हा अमक्याचा पोरगा' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. मला वाटतं तुझं दुखणं तिथं आहे.

त्याला हळवेपणा म्हणायचा का, असं विचारतोस. म्हण की. त्यात लाजण्यासारखं काय? आपल्या खानदेशातून माणसं बाहेर पडली ती काही पहिल्यांदा विमानानं नाही. सुरतेला उधना-लिंबायतमध्ये जाऊन बघ, धुळे-नंदुरबारचं अर्धं गणगोत तिथं सापडेल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सुरत-भुसावळ गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ही माणसं रात्री गाडीत बसली तर सकाळी गावात असतात, तरी महिनाभर आधीपासून त्यांच्या घरात आखाजी, आखाजी चाललेलं असतं. कोण कोण येणार, झोका कुणाच्या निंबाला बांधणार, सांजोऱ्या किती करायच्या. एका रात्रीच्या अंतरावर राहणाऱ्यांचं हे असं, तर तू समुद्रापलीकडं. तुला आठवण येते यात नवल काही नाही. येत नसती तर मी काळजी केली असती.

आणि ते परत येण्याच्या आनंदाचं लिहिलंस, ते मला फार खरं वाटलं. मुंबईहून येणारी आपली माणसं गाडीत ओळखू येतात. मनमाड सुटलं की ती खिडकीकडं सरकतात. चाळीसगावला चहा घेतात, लागत नसला तरी. पाचोरा गेलं की बॅगा काढून दाराशी उभी राहतात. जळगावला अजून चांगला अर्धा तास असतो, पण बसवत नाही. समोरचा नागपूरवाला विचारतो, 'तुमचं स्टेशन आलं का?' तर 'नाही, येईल आता.' त्या बिचाऱ्याला कळत नाही ही घाई कसली. तू तर भुसावळपर्यंत येणारा, म्हणजे तुझं उभं राहणं आणखी लांबचं. पुढं तो पूल, दोन्ही अंगांना केळीच्या बागा, समोर सातपुड्याची रेघ. वडील फाट्यावर येऊन थांबलेले, 'येऊ नका' सांगितलं तरी. हा आनंद खोटा नाही. 'काही दिवस वाटतं असं, मग सवय होते' म्हणणारे भेटतील तुला तिथं. त्यांचं ऐकू नकोस.

मात्र त्या आनंदाच्या भरवशावर राजीनामा देऊ नकोस. तुझी बायको बरोबर बोलते आहे.

तू येतोस डिसेंबरात. डिसेंबरचा खानदेश हा पाहुण्यांना दाखवायचा खानदेश. थंडी पडलेली, मेहरूणची बोरं बाजारात आलेली, हरभऱ्याला घाटे भरलेले, आणि बामणोदची वांगी. सगळ्यांच्या हातात थोडा वेळ, आणि तू आलास म्हणून शेतात भरिताचा बेत. तो बेत तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण मला त्यातलं एक विचारायचं आहे. हिरवट-पांढरी, हाताच्या पंजात मावणार नाहीत अशी वांगी. त्यांना काडीनं टोचे मारायचे, तेलाचं बोट फिरवायचं. तुरखाट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करायचा आणि वांगी त्यात टाकून उलटी-सुलटी करत राहायची. साल काळी कडकडीत झाली आणि देठापाशी पाणी सुटायला लागलं की बाहेर. सोलायची गरम असतानाच, गार झाली की साल चिकटते. सोलणाऱ्याच्या बोटांना चटके बसतात म्हणून शेजारी पाण्याची वाटी. मग बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, आधी हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ, त्यावर वांग्याचा गर, आणि लाकडी मुसळीनं ठेचत राहायचं, एकाचा हात भरून आला की दुसऱ्यानं घ्यायचं. तेलात परतलेली कांद्याची पात, शेंगदाणे. केळीचं पान, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. त्या भरिताची चव शारजातल्या गॅसवर भाजलेल्या जांभळ्या वांग्याला येत नाही, हे मी तुला काय सांगणार!

आता प्रश्न. ती वांगी कुणी तोडून आणली? तुरखाट्या कुणी जमवल्या? बडगी कुणाच्या घरून मागून आणली? आणि सगळे हात धुऊन खाटेवर पडल्यावर राखेनं भांडी कुणी घासली? यातलं एखादं काम गेल्या बारा वर्षांत तुझ्या वाट्याला आलं का, आठवून बघ. मग बायकोला विचार, तिच्या वाट्याला काय आलं. पंधरा दिवसांचा गाव ती उगाच म्हणत नाही. तुझे पंधरा दिवस सुट्टीचे असतात, तिचे चुलीपाशी जातात.

दुसरी एक खूण सांगते. तुमच्याकडं पारावर भेटणारा माणूस आधी विचारतो, 'काय भो, कधी आला?' आणि चहा हातात यायच्या आत दुसरा प्रश्न, 'मंग, कधी जाशीन?' आमच्या अमळनेरकडं हेच अहिराणीत, 'कव्हय उना' आणि 'कव्हय जाशी'. वाईट मनानं कुणी विचारत नाही. पण हा दुसरा प्रश्न पाहुण्याला असतो. गावात राहणाऱ्याला विचारतात, मोटर सुटली का, खत मिळालं का, काल रात्री तुमच्याकडं लाइट होती का. तुला हे प्रश्न हवे आहेत का, एवढंच ठरवायचं आहे, आणि ते डिसेंबरात ठरत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. यंदाचा डिसेंबर सोड. तुमच्या शाळांना उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टात असते. तिथल्या कायद्यानं वर्ष भरलेल्या कामगाराला वर्षाची ३० दिवसांची रजा मिळते. ती एकगठ्ठा घे आणि जुलैत ये. तिकीट महाग पडेल, त्या दिवसांत पडतंच. बारा वर्षं रडून झाल्यावर एकदा तेवढं महाग पडू दे.

आलास की भाड्याची गाडी घेऊ नकोस, वडिलांच्या मोटारसायकलवर फिर. पहिले चार दिवस भेटीगाठींचे, ते सोडून दे. मग वडिलांची रोजची कामं निम्मी तुझ्या अंगावर घे. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची, लागवड चालू असेल. मजूर सकाळी किती वाजता येतात आणि न आल्यास कुणाकडं जावं लागतं, ते बघ. ठिबकच्या नळ्या कुठं तुंबतात, उंदरांनी कुठं कुरतडल्यात, त्या स्वतः चालून बघ. ज्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात रात्री मोटर चालू करायला तू जा. सातपुड्याच्या पायथ्याची गावं तुमची, बिबट्याची बातमी अधूनमधून असतेच, बॅटरी घेऊन जा. फळपीक विम्याचा कागद, सोसायटीचं कर्ज, तलाठ्याकडची नोंद, आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरकडची रांग, या सगळ्या ठिकाणी वडिलांना घरी बसवून तू जा. संध्याकाळी थकून घरी आलास आणि पावसानं लाइट गेली, तर अंधारात बसून मोबाइलवर शारजाचे फोटो बघू नकोस म्हणजे झालं.

चिडचीड होणारच. ती कशावर होते तेवढं ध्यानात ठेव. नळाला पाणी आलं नाही, रस्ता खणून ठेवला, बँकेत साहेब जागेवर नव्हता, यावर होणारी चिडचीड सगळ्या गावाची आहे, तिला चार माणसांत वाट मिळते. पण माणसांवर झाली, चुलतभावाच्या टोमण्यावर, 'तुझं काय, तू दुबईवाला' या बोलण्यावर, वडिलांच्या हट्टावर, तर मात्र नीट विचार कर. ती वर्षभर पुरते.

जमलं तर मेमध्येही एकदा आठवडाभर एकटा येऊन जा. तू म्हणशील, शारजात काय कमी ऊन असतं? कमी नसेल, पण तुला ते गाडीपासून दारापर्यंतच लागतं. इथं पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असतो, कूलरमध्ये पाणी घालायला पाणी नसतं, आणि बागेतली पानं कडेनं करपत असतात. मेच्या शेवटी वादळ आलं की घडासकट झाडं आडवी. लागवडीपासून काप यायला वर्ष जातं, आणि आडवी व्हायला पाऊण तास पुरतो. तुझे वडील 'इथं काय ठेवलंय' म्हणतात ते या पाऊण तासाबद्दल. ते तुझ्या येण्याबद्दल बोलत नाहीत, पिकाबद्दल बोलताहेत, आणि आपल्याकडच्या बापांना ही दोन बोलणी वेगळी करता येत नाहीत. 'मी येऊ का' असं त्यांना विचारू नकोस, ते नकोच म्हणतील. 'मी आलो तर कोणतं काम माझ्याकडं द्याल' असं विचार. उत्तर द्यायला ते दोन दिवस घेतील. त्या दोन दिवसांत त्यांनी स्वतःहून एखाद्या बांधाची, विहिरीची गोष्ट काढली, तर समजून घे.

आई काही म्हणत नाही असं लिहिलंस. तिला कुणी विचारलंय असं पत्रात दिसत नाही.

आता त्या तीन एकरांचं. इथं मी जरा जोरात बोलणार आहे. तू अनिवासी भारतीय आहेस तोवर तुला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, परकीय चलनाचा कायदा आड येतो. वारसानं आलेली ठेवता येते, विकत घेणं वेगळं. कायमचा परत येऊन इथला रहिवासी झालास की मग तो अडसर उरत नाही, पण महाराष्ट्रात शेती घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतोच, तेव्हा सातबारा, फेरफार सगळे कागद आधी काढून बघ. गावात कुणीतरी शहाणा सांगेल, 'वडिलांच्या नाहीतर मामाच्या नावावर घेऊन टाक, पैसे तू पाठव.' पारावरच्या सल्ल्यावर असे व्यवहार करू नकोस. आधी सीए, मग वकील, मग पैसे. खानदेशात भाऊबंदकीचे निम्मे दावे 'तेव्हा घेऊन टाकली होती' या वाक्यापासून सुरू होतात. आणि तुला बहीण आहे का, ते लिहिलं नाहीस. असेल तर वडिलोपार्जित जमिनीत २००५च्या दुरुस्तीपासून तिचा हक्क तुझ्याइतकाच आहे. ही बोलणी आखाजीला ती माहेरी आलेली असताना, वडिलांसमोर, हसतखेळत होऊ दे. मागाहून नोटिशीनं होण्यापेक्षा ते बरं.

पैशाचंही भावनेत ठरवू नकोस. तुमच्या कामगार कायद्यानं नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांची वर्षाला २१ दिवसांच्या आणि पुढच्या वर्षांची वर्षाला ३० दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मिळते, पण ती मूळ पगारावर, भत्ते धरून नाही. तुझ्या बारा वर्षांचे ३१५ दिवस होतात, म्हणजे साधारण साडेदहा महिन्यांचा मूळ पगार. करारात काही वेगळं लिहिलं आहे का ते बघून घे. ही रक्कम हातात आली की ती मोठी वाटते आणि सगळ्यांना दिसते. घराचा वरचा मजला, चुलतबहिणीचं लग्न, कुणाचा ट्रॅक्टर. केळीचं एक वाईट वर्ष आणि मुलीची दोन वर्षांची फी एवढं आधी बाजूला काढ, मग उरलेल्याचं बोल. परतल्यावर बँकेला कळवून अनिवासी खातंही बदलून घ्यावं लागतं. ते लोक विसरतात आणि नंतर धावपळ करतात.

मुलीचं. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्यानं कोणत्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. जितकी उशिरा येईल तितकं ते तिला जड जाईल, म्हणून देवनागरी आत्तापासून हातात दे. 'मराठीत बोल' म्हणून दटावू नकोस, दटावलेली भाषा पोरं बोलत नाहीत. रोज संध्याकाळी आजीशी फोन लावून दे आणि तू खोलीतून निघून जा. आजीला इंग्रजी येत नाही, एवढं पुरे आहे. ती तुमच्याकडची बोली शिकेल, 'केळी'ला 'केयी' म्हणायला लागेल. म्हणू दे. शाळेतलं मराठी शाळा बघेल.

आता बायकोबद्दल, जे तू पत्रात दोन ओळींत उरकलंस. तिथं तिची नोकरी आहे, तिचा पगार आहे, स्वयंपाकघर तिचं आहे, संध्याकाळी कुठं जायचं ते ती ठरवते. तू गावाला परतशील तेव्हा तू मुलगा म्हणून परतशील, ती सून म्हणून. गावाची ओढ तुझी आहे. तिला कदाचित तिच्या स्वतःच्या माहेरची ओढ असेल, तिचं माहेर कुठं आहे हेही तू लिहिलं नाहीस. तेव्हा 'आपण परत जाऊ या' असं म्हणू नकोस, आधी विचार की परत गेलो तर तुला काय काय लागेल. वेगळं घर म्हणाली तर तोंड वाकडं करू नकोस. भुसावळात बिऱ्हाड आणि शेत यावलकडं, असं करून रोज पूल ओलांडणारे कितीतरी जण आहेत, त्यांची नाती काही तुटलेली नाहीत. उलट मी तर म्हणेन, चार-पाच मैल अंतर ठेवून राहणाऱ्या सासू-सुनांचं जास्त पटतं. भुसावळात तिला शाळेत काम मिळण्याची आशाही जास्त. जुलैत आलात की दोघं मिळून तिथं दोन शाळा बघून या, एक मुलीसाठी, एक तिच्यासाठी.

आणि जुलैत म्हणतेय त्याला आणखी एक कारण आहे. मुक्काम ऑगस्टात लांबला तर बहुतेक वर्षी श्रावण लागलेला असतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. तुमच्या घरी बसते का ठाऊक नाही, आमच्याकडं बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू काढतात ते माणसांच्या नावानं मुठी मोजून. आमच्या थोरल्या जाऊबाई सुपासमोर बसतात आणि एकेकाचं नाव घेत मूठ टाकतात. एक पुतण्या कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. त्याचं नाव आलं की मूठ टाकतात आणि म्हणतात, 'याची मी भरते, पण खाणार कोण?' रोट तर भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. मग त्याच्या वाटणीचे आम्हीच चावत बसतो, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दुधात कुस्करून, आणि त्याला शिव्या देत. त्याचं नाव गाळावं असं मात्र कुणी सुचवलेलं नाही. तुमच्या घरीही अशी मोजदाद होत असेल तर त्या वेळी तिथं बसून राहा. आपलं नाव येतं का, कितव्या नंबरावर येतं, कोण घेतं, ते ऐक.

माझं मत सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते. ये. पण यंदा नको, आणि सगळं गुंडाळून, निरोप-समारंभ करून नको. हा जुलै आधी होऊ दे. महिनाभर राहूनही मन तेच म्हणत असेल आणि बायको मान हलवत असेल, तर मुलगी आठवीत जायच्या आत ये. त्यानंतर तिला हलवणं तिच्यावर अन्याय होईल. आणि महिन्यानंतर वाटलं की नाही, आपल्याला गाव हवा तो पंधरा दिवसांचाच, तर तसंही चालेल. तसं असेल तर दर वर्षी निमूटपणे डिसेंबरात ये, भरीत खा, भांडी घास, आणि परतताना मुंबईच्या गाडीत बायकोशी बोल. बारा वर्षं ती तुझं ते गप्प बसणं पाहते आहे.

हे उत्तर तिला वाचायला दे. तिला काही म्हणायचं असेल तर तिनं मला वेगळं लिहावं, तुझ्या पत्राच्या तळाशी दोन ओळी घालून नको.

– ताई